शेळीच्या कलाने

मराठी भाषेत शेळीच्या वाट्याला फारसं चांगलं आलेलं नाही. भित्र्या माणसाला आपण शेळपट म्हणतो. एखाद्याचा दरारा ओसरला की वाघाची शेळी झाली म्हणतो. तिच्या आखूड शेपटानं धड माश्या वारल्या जात नाहीत आणि लाजही राखली जात नाही, हे म्हणीतून ऐकवून ठेवलं आहे. तिच्या गळ्याखाली लोंबणारे दोन मांसल लोलकही सुटलेले नाहीत. निरुपयोगी गोष्टीला ‘अजागलस्तन’ म्हणण्याची पद्धत त्यांच्यावरूनच पडली. तिची बाजू घेणारा एक खेळ तेवढा आहे. वाघबकरीच्या डावात एकेकट्या बकऱ्या मारल्या जातात, पण त्या एकमेकींच्या पाठीशी नेटानं उभ्या राहिल्या तर वाघाला हलायला जागा उरत नाही. ज्यानं कुणी तो खेळ रचला, त्यानं शेळ्या नीट पाहिल्या असणार.

दोन-अडीच एकरांची वस्ती, दारात एक-दोन गायी, चार कोंबड्या आणि हौसेनं आणलेली एक शेळी असं बिऱ्हाड असलं की घरातल्या माणसांचं बोलणं फिरून फिरून त्या शेळीवरच येतं. काल ती हातातला पाला खात होती, आज तोच हात पुढे आला की मान फिरवते. दावं धरून ओढलं की चारही पाय रोवून उभी राहते, सोडून दिलं की आपणहून मागे येते. धाकट्या मुलाला ढुशी देते आणि आजीच्या पायाशी जाऊन बसते. दूध काढायला बसलेल्या माणसाचं भांडं लाथेनं उडवते. मग सगळे तिला हट्टी, लहरी, आगाऊ ठरवून मोकळे होतात. या प्रकरणात तिच्या लहरींची कारणं शोधायची आहेत, कारण बहुतेक लहरींना कारण असतंच आणि ते कळलं की तिच्याशी जवळीक कशी साधायची हेही उमगू लागतं. मराठीत त्या रीतीला नेमका शब्द आहे: कलानं घेणं.

२०१९च्या पशुगणनेत भारतात सुमारे १४.९ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या १ कोटी ६ लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होत्या. धाराशिव, लातूर, तुळजापूर, उदगीर या पट्ट्यातली काळीभोर उस्मानाबादी, नगर-नाशिककडची संगमनेरी, कोकणातली कोकण कन्याळ, विदर्भातली बेरारी या आपल्या ओळखीच्या जाती. वजन, दूध, जुळ्यांचं प्रमाण यांची माहिती कुठल्याही पुस्तिकेत मिळते. स्वभावाबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, आणि शेळी पाळणाऱ्याची रोजची गाठ स्वभावाशीच असते.

हा स्वभाव कुठून आला हे पाहायचं तर इराणच्या झाग्रोस पर्वतात जावं लागतं. तिथल्या गंज दारेह या टेकाडाच्या उत्खननात दहा हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत शेळ्यांच्या हाडांचे ढीग सापडले. त्यांत नर बहुतेक कोवळ्या वयातले आणि माद्या मोठ्या वयाच्या होत्या. शिकारी समोर येईल ते मारतो. नर लवकर कापायचे आणि माद्या वेतांसाठी राखायच्या हा हिशेब पाळणाऱ्याचाच असतो. त्याच वस्तीच्या मातीच्या विटांवर शेळ्यांच्या खुरांचे ठसेही मिळाले. विटा ओल्या होत्या तेव्हा कुणीतरी त्यांच्यावरून चालत गेलं होतं. दहा हजार वर्षांपूर्वीचा तो गवंडी कामावर आल्यावर काय म्हणाला असेल, हे कुठल्याही शेळीवाल्याला सहज सांगता येईल.

या शेळ्यांची पूर्वज म्हणजे बेझोअर ही रानशेळी, उभ्या कड्यांवर राहणारी. संकट आलं की मोकळ्या मैदानात पळायचं नाही, वर चढायचं आणि तिथून वळून पाहायचं, ही तिची रीत. आपल्या अंगणातली शेळी ओट्यावर, बैलगाडीवर, विहिरीच्या कठड्यावर का चढते याचं उत्तर यात आहे. उंचावर तिला निर्धास्त वाटतं. म्हणून तिच्या वाड्यात एखादा दगडी ओटा, जुन्या टायरांची उतरंड किंवा भक्कम लाकडी खोका ठेवला तर निम्मी धुसफुस तिथंच कमी होते. दावं ओढल्यावर पाय रोवण्याचंही तसंच आहे. कड्यावर उभ्या असलेल्या जनावरानं ओढ लागेल त्या दिशेला जाणं म्हणजे खाली कोसळणं. ओढ लागली की विरुद्ध बाजूला अंग टाकणं हे तिच्या पायांतच भिनलेलं आहे. जो पुढे चालतो आणि दाव्याला ढील देतो, त्याच्या मागे ती येते. लहान मुलांना हे लवकर जमतं. मोठ्या माणसांना वेळ लागतो, कारण ती जिंकायला निघालेली असतात.

शेळी काहीही खाते ही समजूतही तपासून पाहायला हवी. गाय जिभेनं गवताचा झुपका ओढते, मेंढी जमिनीलगत चरते, शेळी मात्र खुडते. तिचा वरचा ओठ हलता आणि तरबेज असतो. बोराटीच्या काट्यांमधून नेमकं पान ती त्यानंच उचलते. नवी वस्तू दिसली की आधी ओठानं चाचपते, आपण बोटांनी चाचपतो तशी. दोरीवरचं धोतर, वहीचा कागद, पिशवीची कड तोंडात जाते ती बहुधा या चाचपणीत. मल्याळम लेखक वैकोम मुहम्मद बशीर यांच्या ‘पात्तुम्मयुडे आडु’ या कादंबरीत बहिणीची शेळी लेखकाचीच छापील पुस्तकं खाऊन टाकते. पण हीच शेळी दुसरीच्या पायाखाली आलेला, लेंड्या-मुताचा वास लागलेला चारा कितीही भूक असली तरी हुंगून सोडून देते. लोक त्याला नखरा म्हणतात. जमिनीवर पडलेल्या चाऱ्यातून जंतांची लागण होते, हे लक्षात घेतलं तर तो नखरा अगदी शहाणपणाचा ठरतो. पाल्याची पेंढी तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगली की तीच शेळी निमूट खाते.

तिच्या डोळ्यांकडे नीट पाहायला हवं. शेळीची बाहुली आडवी, चौकोनी फटीसारखी असते, आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान न वळवता तिला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं; नाकाच्या अगदी पुढचा आणि पाठीमागचा लहानसा भाग तेवढा सुटतो. २०१५ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की शेळी, मेंढी, घोडा मान खाली घालून चरतात तेव्हा त्यांचे डोळे खोबणीत गोल फिरतात आणि बाहुलीची फट जमिनीला समांतरच राहते. चरतानाही क्षितिजावर काय हलतंय ते दिसत राहावं, यासाठीची ही रचना. आता विचार करा. एक माणूस सरळ समोरून येतो, डोळ्याला डोळा देतो आणि हात तिच्या कपाळावर ठेवायला जातो. ती आधी त्याच्या रोखलेल्या नजरेनं बिचकते, मग तो हात नाकापुढच्या न दिसणाऱ्या जागेत शिरतो. ती मागे सरते किंवा ढुशी देते. दोन्हीत बंडखोरी नाही.

जाणती माणसं बाजूनं जातात, शक्यतो उकिडवी बसतात, नजर जरा दुसरीकडे ठेवतात. हात पुढे करण्याऐवजी नुसता ठेवतात आणि तिला हुंगू देतात. पहिला स्पर्श मानेच्या बुडाशी, खांद्यावर किंवा छातीला करतात, कपाळाला कधीच नाही. कपाळ ही शेळीची टकरीची जागा आहे. गावोगावी पोरं करडाच्या कपाळाला तळवा लावून त्याला मागे रेटतात, करडू उड्या मारत परत येतं, सगळ्यांना मजा वाटते. करडाच्या लेखी तो टकरीचा पहिला धडा असतो. आठ महिन्यांनी शिंगं फुटलेलं तेच जनावर त्याच पोराच्या पोटात डोकं घालतं, तेव्हा ते शिकवलेलंच करत असतं.

बिघडलेल्या शेळीची सगळ्यात मोठी तक्रार बहुधा वेगळीच असते. ती एकटी असते.

शेळीला कळप किती लागतो याचा पुरावा एका फार कठोर मोहिमेतून मिळाला. गॅलापागोस बेटांवर माणसांनी सोडलेल्या शेळ्या रानटी होऊन इतक्या वाढल्या की महाकासवांचं अन्न संपू लागलं. १९९७ ते २००६ या काळात ‘प्रोजेक्ट इझाबेला’ या मोहिमेत तिथल्या लाखाहून अधिक शेळ्या मारण्यात आल्या. शेवटच्या, दऱ्याखोऱ्यांत लपलेल्या शेळ्या माणसांना सापडेनात. तेव्हा काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांना मोकळं सोडलं गेलं. एकट्या राहणं त्यांना अशक्य होतं. त्या जिथे जिथे दुसरी शेळी असेल तिथे जाऊन पोचत आणि शिकारी त्यांच्या मागोमाग. ही हकिकत वाचताना वाईट वाटतं, पण एकट्या शेळीच्या ओरडण्याचा अर्थ याहून स्पष्टपणे कुठे कळत नाही. दिवसभर खुंट्याला बांधलेली एकटी शेळी ओरडते, दावं चावते, भांडी पाडते. तिला सोबत हवी असते. दुसरी शेळी आणणं जमत नसेल तर गाय, म्हैस, अगदी कुत्रासुद्धा चालून जातो. माणसाला सोबती मानायलाही ती तयार असते, फक्त मग माणसाला तेवढा वेळ द्यावा लागतो. दुसरी शेळी आली की पहिली आपल्यापासून दुरावेल अशी भीती काहींना वाटते. तसं सहसा होत नाही. निर्धास्त झालेली शेळी माणसाजवळ जास्त येते.

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या घरी नॅनी आणि नॅन्को अशा दोन शेळ्या होत्या, धाकटा मुलगा टॅड याच्या लाडक्या. टॅड त्यांना खुर्चीला जुंपून व्हाइट हाउसच्या दालनातून गाडी हाकायचा. ऑगस्ट १८६३मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकननी टॅडला घेऊन बाहेरगावी गेलेल्या पत्नीला पत्र लिहिलं आणि त्यात टॅडसाठी निरोप दिला की नॅनी हरवली आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी ती टॅडच्या पलंगाच्या मधोमध रवंथ करत बसलेली सापडली होती, असंही कळवलं. फुलझाडांची नासधूस करते म्हणून माळ्याच्या तक्रारी चालूच होत्या. मुलगा बाहेरगावी गेला त्याच दिवशी शेळी त्याच्या अंथरुणावर जाऊन बसते. तिला तिथे त्याचा वास येत होता का, हे नक्की सांगता येणार नाही, पण शेळ्या पाळणाऱ्यांना या प्रसंगाचं नवल वाटत नाही.

शेळीला माणूस कितपत कळतो यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत चांगलं काम झालं आहे. त्यातलं बरंच इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ‘बटरकप्स’ या शेळ्यांच्या आश्रमात झालं. हाल झालेल्या, टाकून दिलेल्या शेळ्या तिथे सांभाळल्या जातात. ॲलन मॅकएलिगट, एलोडी ब्रीफर, ख्रिश्चन नावरोथ या संशोधकांनी तिथल्या शेळ्यांसोबत अनेक प्रयोग केले. एका प्रयोगात शेळ्यांना डब्याचं झाकण काढून आतला खाऊ घ्यायला शिकवलं. मग झाकण घट्ट बसवून टाकलं. शेळ्यांनी थोडी खटपट केली आणि मग वळून शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिलं. पुन्हा डब्याकडे, पुन्हा माणसाकडे. माणसाचं तोंड त्यांच्याकडे असेल तर त्या लवकर आणि जास्त वेळ पाहत. पाठ असेल तर कमी. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं, तोवर असं मदत मागणारं पाहणं कुत्र्या-घोड्यांच्या खात्यावर जमा होतं. २०१८ साली त्याच आश्रमात भिंतीवर एकाच माणसाचे दोन फोटो लावले गेले, एक हसरा आणि एक रागावलेला. शेळ्या आधी हसऱ्या चेहऱ्याकडे गेल्या. हसरा फोटो उजवीकडे असताना हा कल स्पष्ट दिसला. २०२४मध्ये आणखी एक निष्कर्ष आला: ध्वनिवर्धकावरून एकाच माणसाचा आवाज आनंदी सुरात ऐकवत मध्येच तो रागीट केला (किंवा उलट), तर बऱ्याच शेळ्या तो बदल टिपून वळून पाहत. सगळ्याच नाही. शेळ्यांतही व्यक्ती तितक्या प्रकृती असतात.

ब्रीफर आणि सहकाऱ्यांचा २०१४चा प्रयोग शेळीवाल्यानं विशेष लक्षात ठेवावा असा आहे. एका पेटीतून खाऊ मिळवायला आधी दातांनी दोरी ओढायची आणि मग तोंडानं दांडा उचलायचा, अशी दोन पायऱ्यांची युक्ती होती. १२ पैकी ९ शेळ्या ती शिकल्या, सरासरी बाराएक प्रयत्नांत. दहा महिन्यांनी तीच पेटी पुढे ठेवली, तेव्हाही त्यांच्या ती लक्षात होती. ही स्मरणशक्ती दोन्हीकडून लागू पडते. दहा महिन्यांपूर्वी कुठल्या फळीची कडी कशी निघते हे तिला आठवतं, तसंच कान धरून फरफटत नेऊन कुणी सुई टोचली हेही आठवत असणार. म्हणून जंतनाशकाचा डोस, लसीकरण, खुरं कापणं ही कामं करताना घरातलं जे माणूस तिचं सगळ्यात लाडकं, त्यानं तिला धरू नये असं अनेक जण सांगतात. दुसरी आणि जास्त चांगली वाट म्हणजे या गोष्टींची तिला सवय करणं: रोज एकदा पाय उचलून खुरावरून हात फिरवायचा, तोंडात रिकामी पिचकारी धरू द्यायची, आणि लगेच बाभळीची शेंग द्यायची. महिन्याभरात खरा डोस आला तरी ती फारसं मनावर घेत नाही.

काही करडं जन्मतःच धीट, काही बुजरी असतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे १९८०च्या दशकात डेव्हिड लायन्स यांनी दुभत्या शेळ्यांवर केलेल्या निरीक्षणांत, माणसांनी हातावर वाढवलेली करडं माणसाला कमी घाबरत होती, हे अपेक्षितच होतं. पण प्रत्येक गटात कोण जास्त बुजरं आणि कोण जास्त धीट हा क्रम महिनोन् महिने टिकून राहत होता. म्हणजे सहवासानं सगळ्यांचा धीर वाढतो, पण बुजरीची धीट होत नाही. हे मान्य केलं की बरंच ओझं उतरतं. जी शेळी तीन हात अंतरावरूनच सोबत करते, तीही सोबतच करत असते.

बाटलीनं वाढवण्याबाबत मात्र एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. आई मेली किंवा तिनं झिडकारलं म्हणून पाट, म्हणजे मादी करडू, बाटलीवर वाढवली तर ती पुढे माणसाळलेली, मायाळू शेळी होते. पाळायला ठेवायचा बोकड असेल तर तो इतर करडांतच वाढायला हवा. एकट्यानं माणसांत वाढलेला बोकड माणसांनाच आपला कळप समजतो, आणि चार-पाच महिन्यांचा होऊन वयात आला की कळपातल्या दुसऱ्या नरांशी जसं वागायचं तसं माणसाशी वागू लागतो. घरातल्या बाईमाणसावर, मुलांवर चालून जातो. स्वतःच्या दाढीवर मुतणं, ओठ वर करून हुंगणं, उग्र वास येणं हे त्याचं वयात येणं आहे. त्याला मारून ते थांबत नाही, उलट टक्कर घ्यायला प्रतिस्पर्धी मिळाला असं त्याला वाटतं. खच्ची केलेला बोकड याउलट फार शांत सोबती होतो. जिथे शेळी केवळ मायेसाठी पाळायची आहे तिथे तोच उत्तम.

चांगली माणसाळलेली शेळी अचानक चिडकी झाली तर स्वभावाआधी शरीर पाहावं. दर २१ दिवसांनी माज येतो. एक-दोन दिवस ती सारखी ओरडते, शेपूट हलवते, खाण्यात लक्ष नसतं, कुणाचं ऐकत नाही; मग पुन्हा पूर्ववत होते. कास कडक आणि गरम लागत असेल तर कासदाह असतो, आणि त्या दुखऱ्या कासेला हात लावणाऱ्याला ती लाथ मारणारच. खुरं वाढलेली असतील तर चालणं दुखतं. उवा-गोचिडांनी हैराण झालेली शेळी अंगाला हात लावू देत नाही. नेहमीची तिखट शेळी एकदम गरीब झाली तर जास्त काळजी करावी. ताप पाहावा, १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला असेल तर पशुवैद्याला बोलवायला उशीर करू नये.

लाडापोटीही नुकसान होतं. मुठीनं धान्य दिलं की शेळी पटकन जवळ येते, म्हणून माणसं ओंजळीनं ज्वारी-मका देतात. असं धान्य जास्त झालं तर पोटात आम्ल वाढून शेळी एका रात्रीत दगावू शकते. कोवळी ज्वारी खाऊन किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते; कण्हेरीचं पान विषारी असतं. देण्याजोगा खाऊ म्हणजे पाला: शेवरी, बोर, वड, बाभळीच्या शेंगा, थोडा सुबाभूळ. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं म्हणून तो थोडाच घालायचा. पण याच पाल्याची एक सुरस हकिकत आहे. ऑस्ट्रेलियातली गुरं सुबाभूळ खाऊन आजारी पडत. तिथले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला पोटभर खातात आणि त्यांना काही होत नाही. त्यांच्या पोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडल्यावर ती गुरंही सुबाभूळ पचवू लागली. १९९२ साली त्या जीवाणूला जोन्स यांचं नाव मिळालं.

दुधाच्या वेळी तर मैत्रीचा हिशेब मापानं दिसतो. मराठीत गाय-शेळी पान्हा सोडते आणि पान्हा चोरते. शरीरशास्त्र तेच सांगतं. कासेला ओळखीचा हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध खाली उतरतं. भीती वाटली, धक्का बसला की अॅड्रेनॅलिन वाढून हे उतरणं अडतं. कासेत दूध असतं आणि हाताला लागत नाही. लाथ मारणाऱ्या शेळीचा पाय बांधून दूध काढणारा माणूस अनेकदा भांडं वाचवतो आणि दूध घालवतो. तीच वेळ, तीच जागा, तोच माणूस, तेच गुणगुणणं, पुढ्यात थोडा खुराक, आणि पहिले आठ दिवस कासेवरून नुसता हात फिरवून उठणं, असं केलं तर बहुतेक शेळ्या उभ्या राहायला शिकतात. ज्या वाड्यांत ही कामं बायकांकडे असतात, तिथे शेळ्या नावानं हाक मारल्यावर ओ देतात.

हाल झालेली, मोठ्या वयाची शेळी घरी आली तर काय, हा प्रश्न उरतो. बटरकप्समध्ये त्याचाही अभ्यास झाला. पूर्वी वाईट स्थितीत राहिलेल्या ९ आणि चांगल्या स्थितीतल्या ९ अशा शेळ्यांना आधी शिकवलं की एका बोळात खाऊ असतो आणि दुसऱ्यात नसतो. मग या दोहोंच्या मधले, अनोळखी बोळ उघडले. काही मिळेल या आशेनं कोण किती लवकर आत जातं ते मोजलं. आश्रमात येऊन दोनाहून अधिक वर्षं झालेल्या, पूर्वी हाल सोसलेल्या शेळ्या निराश निघाल्या नाहीत. त्यांतल्या माद्या तर इतरांपेक्षा जास्त आशेनं पुढे गेल्या. दोन वर्षं हा काळ लहान नाही. नव्या घरी आलेल्या शेळीनं दोन आठवड्यांत अंगाला लागावं अशी अपेक्षा करणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवावा.

या दोन वर्षांत माणसानं करायचं ते फार थोडं असतं. संध्याकाळी वाड्यात पालथी बादली घेऊन बसायचं. हातात काही निवडण्याचं काम असावं, म्हणजे नजर तिच्यावर रोखली जात नाही. बोलत राहायचं, घरात बोलतो तसंच. तिचे कान पुढे वळले, शेपूट वर उचललं गेलं, आवाज फार चढ-उतार न होता सलग आला, तर ती खुशीत आहे. कान मागे, अंगावरचे केस उभे, तर उठून जायची वेळ झाली. एक दिवस ती मागून येऊन सदऱ्याची कड ओठानं चाचपते. तेव्हाही वळायचं नाही. आणखी काही दिवसांनी ती पाठीला पाठ लावून बसते आणि रवंथ करू लागते. डोळे अर्धे मिटून रवंथ करत बसलेली शेळी म्हणजे तिनं आजूबाजूची पहारेदारी थोडा वेळ सोडून दिली आहे.

ही पहारेदारी किती सोडली आहे हे कळतं ती व्यायला बसते तेव्हा. दीडशे दिवस भरत आले की शेळी कोपरा शोधते, पुढच्या पायांनी जमीन उकरते, आणि परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही. प्रसूतीनंतरची पहिली काही मिनिटं तिच्यासाठी निर्णायक असतात. पीटर क्लॉप्फर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवलं की जन्मल्या जन्मल्या जेमतेम पाच मिनिटं करडू आईजवळ राहिलं तर नंतर काही तास दूर ठेवूनही ती त्याला आपलं मानते. ती पाच मिनिटं चुकली तर स्वतःच्याच करडाला ढुशी मारून हाकलते. त्या पहिल्या मिनिटांत ती त्याला चाटून कोरडं करते आणि तोंड न उघडता घशातून एक खोल, घुमणारा आवाज काढत राहते. एरवी तो आवाज कुणासाठी निघत नाही. करडाचा आवाजही तिच्या मनात ठसतो. दूध तोडून वर्ष उलटत आलं तरी आयांना आपल्या करडांचे आवाज ओळखू येतात, असं ब्रीफर यांनी २०१२मध्ये नोंदवलं.

अशा वेळी शेजारी बसलेली, करडाच्या नाकातोंडातला चिकटा पुसून देणारी मालकीण असते. तिच्या हातांवर करडाच्या अंगाचं ओलं लागलेलं असतं. शेळी करडाला चाटते, मग तो हात चाटते, पुन्हा करडू, पुन्हा हात, आणि घशातला तो घुमणारा आवाज मध्ये कुठे थांबत नाही.